सलग ३६ तासांची ड्युटी आली कुठून?

आज माश्यांना सुट्टी.

नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, मी फळमाश्यांच्या झोपेवर पीएचडी करते. (नवीन वाचकांसाठी: हो, माशी झोपते. पाच मिनिटं हलली नाही तर आम्ही ती झोपली असं धरतो. २००० सालापासून हे सर्वमान्य आहे. तुम्ही हसायचं ते हसून घ्या.) महिन्यातून एकदोनदा माझा असा प्रयोग असतो की दर चार तासांनी नमुने गोळा करावे लागतात. म्हणजे रात्री दोनला लॅब, सकाळी सहाला लॅब. अशाच एका रात्री पावणेतीनला फोन वाजला. शाळेतली मैत्रीण. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मेडिसिनची जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर.

"जागी आहेस ना गं? तू झोपेवरच काम करतेस ना? मला सांग, एकतिसाव्या तासाला माणसाला काय होतं?"

मी विचारलं, का गं. म्हणाली, "एका आजोबांना इन्सुलिन लिहिलं. लिहून पुढच्या बेडवर गेले. मग आठवेना, किती युनिट लिहिलं. परत आले, पाहिलं, बरोबर होतं. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, मॅडम, बसा पाच मिनिटं."

त्या रात्री मी तिला शास्त्र सांगितलं. पण फोन ठेवल्यावर डोक्यात दुसराच प्रश्न राहिला. आमच्या शेजारच्या लॅबमध्ये उंदरांना सहा तास जागं ठेवायचं असेल तर प्राणी-नीतिमत्ता समितीकडे अर्ज करावा लागतो. का जागवणार, किती वेळ, त्रास झाला तर कधी थांबवणार, सगळं लिहून द्यावं लागतं. मग डॉक्टरांना तीस-छत्तीस तास जागवायचं हे कोणी, कधी आणि काय विचार करून ठरवलं? असा काही प्रयोग कुणी केला होता का? मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पण दोन-तीन महिने रात्रीच्या नमुन्यांच्या मधल्या वेळात हेच वाचत होते. ते आज तुमच्यासमोर मांडते.

'रेसिडेंट' हा शब्द आधी शब्दशः घ्या. रेसिडेंट म्हणजे राहणारा, रुग्णालयात मुक्काम असलेला. आपण त्याचं 'निवासी' केलं ते अगदी बरोबर आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १८८९ च्या मे महिन्यात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं. तिथे मेडिसिनला विल्यम ऑस्लर आणि सर्जरीला विल्यम हालस्टेड. दोघांनीही युरोपात, विशेषतः जर्मन भाषक शहरांत, प्राध्यापकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबणारे सहायक पाहिले होते. तीच पद्धत त्यांनी इकडे आणली आणि तिला नवं रूप दिलं. तरुण डॉक्टर रुग्णालयातच राहणार, तिथेच जेवणार, लग्न शक्यतो करणार नाही आणि हळूहळू जबाबदारी वाढत जाणार. हालस्टेडच्या सर्जरीत ही शिडी वर निमुळती होत जायची. खाली बरेच जण, वर एकच. साधारण सहा वर्षं सहायक आणि मग दोन वर्षं हाउस सर्जन, असा हिशोब त्याने १९०४ मधल्या आपल्या एका भाषणात स्वतःच दिलाय. तेहेतीस वर्षांत त्याच्या हाताखालून फक्त सतरा मुख्य निवासी बाहेर पडले. पण त्या सतरांनी आणि त्यांच्या शिष्यांनी अमेरिकेतली सर्जरी घडवली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारा हार्वी कुशिंग त्यांतलाच. अमेरिकेचं अनुकरण मग पुष्कळांनी केलं.

आता हालस्टेडची गोष्ट. इंटरनेटवर तुम्ही ती बहुधा एका ओळीत वाचली असेल: "रेसिडेन्सी शोधणारा माणूस कोकेनच्या नशेत होता, म्हणून तो रात्रंदिवस काम करायचा, म्हणून आजचे डॉक्टर झोपत नाहीत." शेअर करायला झकास वाक्य आहे. माझ्या मते चूक आहे, आणि खरी गोष्ट त्याहून विचित्र आहे.

१८८४ च्या सप्टेंबरात बातमी आली की कोकेनचे थेंब घातले की डोळा बधिर होतो. हालस्टेड तेव्हा न्यूयॉर्कमध्ये, बत्तीस वर्षांचा, शहरातला नावाजलेला, धडाडीचा सर्जन. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोकेन थेट नसेजवळ टोचून हात, जबडा बधिर करता येतो का हे तपासायला सुरुवात केली. आणि टोचून कोणाला घेतलं? स्वतःला. आज दाढ काढताना डेंटिस्ट जे इंजेक्शन देतो त्याचं मूळ इथे आहे. किंमत अशी की ती सगळी मंडळी व्यसनात अडकली आणि काहींची कारकीर्द तिथेच संपली. १८८५ मध्ये हालस्टेडने या विषयावर एक लेख छापला. तो मी वाचायचा प्रयत्न केला. पहिलं वाक्य सुरू होतं, वळतं, पुन्हा वळतं आणि कुठेच पोचत नाही. थकलेल्या माणसाचं नाही, आजारी माणसाचं वाक्य आहे ते.

पुढे जे घडलं त्यासाठी मी ही पोस्ट लिहितेय. त्याचा मित्र विल्यम वेल्श, जो पुढे हॉपकिन्सचा आधारस्तंभ झाला, त्याने हालस्टेडला सोडलं नाही. आधी समुद्रसफर घडवून आणली, म्हणजे सवय तुटेल. नाही तुटली. मग १८८६ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या बटलर रुग्णालयात काही महिने. (त्याच १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांचंही शिक्षण तब्येतीशी झगडत आणि डीन रेचल बॉडली यांच्या मायेवर पार पडलं. पण ती वेगळी पोस्ट होईल.) बाहेर आल्यावर वेल्शने हालस्टेडला बाल्टिमोरला स्वतःच्या घरी राहायला जागा दिली आणि स्वतःच्या लॅबमध्ये काम दिलं. कुत्र्यांच्या आतड्यांना टाके कसे घालावेत यावरचं त्याचं महत्त्वाचं काम इथलंच. १८८७ मध्ये पुन्हा बटलर. पुन्हा परत. आणि मग हळूहळू विश्वास टाकत १८९० मध्ये सर्जरीचं प्रमुखपद, १८९२ मध्ये प्राध्यापकपद.

तो बरा झाला का? सगळ्यांना वाटलं, झाला. ऑस्लरला मात्र कळलं होतं की कोकेनची जागा मॉर्फिनने घेतली आहे. रोज साधारण तीन ग्रेन, म्हणजे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. ऑस्लरने हे एका वहीत लिहिलं, वही बंद करून ठेवली आणि ती उघडली गेली १९६९ मध्ये. तोवर हालस्टेडला जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

आता 'रात्रंदिवस काम करायचा' या दाव्याकडे बघा. हॉपकिन्समधला हालस्टेड अगदी उलटा होता. न्यूयॉर्कचा तो धडाडीचा सर्जन राहिलाच नव्हता. हळू, अलिप्त, कमी बोलणारा. शर्ट धुवायला पॅरिसला पाठवायचा. दरवर्षी कित्येक महिने नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या जागेवर निघून जायचा. बाल्टिमोरात असतानाही पुष्कळदा दिसायचा नाही. मग वॉर्ड कोण चालवत होतं? निवासी डॉक्टर. सर गैरहजर असतात म्हणून ज्युनियरने सतत हजर राहायचं, अशी ती व्यवस्था होती. कोकेनपेक्षा हे कारण मला जास्त पटतं. आणि खरं सांगू? आपल्याकडच्या कितीतरी वॉर्डांना ते जास्त लागूही पडतं.

म्हणजे गंमत बघा. या माणसाला दोनदा उपचार मिळाले, मित्राचं घर मिळालं, हलकं काम मिळालं, वेळ मिळाला, गुप्तता मिळाली, आणि शेवटी पद मिळालं. अडचणीतल्या डॉक्टरला सावरायला जे जे लागतं ते सगळं. पण हे मिळालं ते ओळखीतून, मैत्रीतून. त्याने जी शिडी बांधली तिच्यात यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. तिच्यातून घसरणारा खालीच जायचा.

इथे एक तांत्रिक मुद्दा, जो इतिहासाच्या पुस्तकांत मला फार उशिरा सापडला आणि सापडल्यावर डोक्यात दिवा लागला. १८९० चं रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. अँटिबायोटिक नाहीत, व्हेंटिलेटर नाहीत, आयसीयू हा शब्द नाही, तासातासाला येणारे रक्ताचे रिपोर्ट नाहीत. टायफॉइडचा रुग्ण कित्येक आठवडे झोपून असायचा आणि त्याच्यासाठी करण्यासारखं फारसं काही नव्हतंच. निवासी डॉक्टर चोवीस तास रुग्णालयात 'होता', पण चोवीस तास 'कामात' नव्हता. रात्री बहुधा झोपायचा. कोणी हाक मारली तर उठायचा. त्याची खोली त्याच इमारतीत होती. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत औषधं आली, यंत्रं आली, रुग्ण जास्त गंभीर आणि मुक्काम कमी झाला. वेळापत्रक मात्र तेच राहिलं. तास बदलले नाहीत, तासांच्या आतला मालमसाला बदलला. जुने सर म्हणतात ना, "आम्ही पण केलंय, आम्हाला काही झालं नाही", तेव्हा ते खोटं बोलत नसतात. फक्त ते वेगळ्या वजनाचे तास होते.

यावर पहिला नेटका प्रयोग माझ्या माहितीप्रमाणे १९७१ चा. न्यूयॉर्कमधल्या चौदा इंटर्नना हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, वाचायला दिला आणि त्यातले बिघडलेले ठोके शोधायला सांगितले. एकदा झोप झालेली असताना, एकदा रात्रपाळीनंतर. रात्रपाळीनंतरच्या चुका जवळजवळ दुप्पट. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त लागला. या इंटर्ननी स्वतःबद्दल जे सांगितलं ते असं: चिडचिड, नुकतंच घडलेलं न आठवणं, विचार जुळवता न येणं, आणि रुग्णांबद्दल काळे विनोद करावेसे वाटणं. एकतिसाव्या तासाचं माझ्या मैत्रिणीचं वर्णन १९७१ मध्ये छापून आलेलं आहे. चार वर्षांनी, १९७५ मध्ये, न्यूयॉर्कच्या निवासी डॉक्टरांनी कामाच्या तासांवरून संपही केला.

पण व्यवस्था हलली ती प्रयोगामुळे नाही, संपामुळेही फारशी नाही. ती एका मृत्यूमुळे हलली.

४ मार्च १९८४ ची रात्र. लिबी झायन, वय १८, ताप आणि अंगाची थरथर म्हणून न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या रुग्णालयात दाखल. नैराश्यासाठी ती फेनेलझिन नावाची गोळी घेत होती. थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडिन दिलं गेलं. या दोन औषधांची गाठ पडू देऊ नये हे आज फार्माकॉलॉजीच्या परीक्षेत हमखास विचारतात. तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं. ती आणखी बेचैन झाली. तिच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी जिच्यावर होती ती इंटर्न डॉक्टर होऊन जेमतेम आठ-नऊ महिने झालेली, आणि त्या रात्री तिच्याकडे सुमारे चाळीस रुग्ण. तिने फोनवरून मुलीला बांधून ठेवायच्या सूचना दिल्या, कारण दुसरे रुग्ण सोडून येणं शक्य नव्हतं. वरिष्ठ डॉक्टर घरी होते, फोनवर बोलणं झालं होतं. सकाळी ताप १०७ फॅरनहाइटवर गेला आणि हृदय बंद पडलं.

लिबीचे वडील सिडनी झायन पत्रकार होते आणि वकिलीही केलेले. त्यांनी दहा वर्षं हे प्रकरण लावून धरलं. त्यांचा रोख सुरुवातीला त्या दोन तरुण डॉक्टरांवर होता, आणि बापाच्या जागी राहून बघितलं तर तो कळतो. पण १९८६ मध्ये ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर खटला न भरता बोट दाखवलं ते पद्धतीकडे: इतके तास आणि इतकी कमी देखरेख. मग बर्ट्रांड बेल या डॉक्टरांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात नियम आला. आठवड्याला जास्तीत जास्त ८० तास, सलग २४ पेक्षा जास्त नाही, आणि वरिष्ठ डॉक्टर रुग्णालयात प्रत्यक्ष हजर. गंमत म्हणजे बेल यांना सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा तासांचा नव्हताच. तो देखरेखीचा होता. लोकांच्या लक्षात राहिला तो ८० चा आकडा, कारण आकडा मोजता येतो. 'सर, तुम्ही कुठे आहात' हे मोजायला अवघड.

पूर्ण अमेरिकेत ८० तासांचा नियम यायला २००३ उजाडलं.

आता थोडं माझ्या प्रांतातलं, कारण इथे मला राहवत नाही. झोपेचं गणित दोन गोष्टींवर चालतं. एक, जागरणाबरोबर साठत जाणारा दाब. जितकं जागाल तितका वाढतो, झोपलात की उतरतो. दोन, शरीरातलं घड्याळ, जे तुम्ही झोपा न झोपा, चोवीस तासांनी आपला फेरा पूर्ण करतं. रात्रभर जागलेल्या माणसाला पहाटे चारला भयाण वाटतं आणि सकाळी नऊला जरा तरतरी येते. ती तरतरी घड्याळाने दिलेली असते. दाब मात्र तसाच असतो, उलट वाढलेला असतो. राउंडला सरांसमोर उभी असलेली रेसिडेंट ठीक दिसते आणि तिला स्वतःलाही ठीक वाटतं. १९९७ मधल्या एका प्रयोगात दिसलं की सतरा तास जागल्यावर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका ढळतो, आणि चोवीस तासांनी साधारण ०.१० टक्क्याइतका. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे.

आणि 'सवय होते' म्हणणाऱ्यांसाठी २००३ चा प्रयोग. लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष रोज थोडं थोडं ढासळत गेलं, इतकं की शेवटी ते अख्खी रात्र किंवा त्याहून जास्त जागलेल्यांच्या पातळीला आले. पण 'किती झोप येतेय' असं विचारलं तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर फारसं बदललंच नाही. म्हणजे सवय झाली ती न जाणवण्याची.

२००४ मध्ये बॉस्टनमध्ये आयसीयूत इंटर्नच्या जुन्या पद्धतीची, म्हणजे चोवीस तासांहून लांब पाळ्यांची, सोळा तासांपर्यंतच्या पाळ्यांशी तुलना झाली. जुन्या पद्धतीत गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त, आणि निदानातल्या गंभीर चुका पाचपटीहून जास्त. तुम्ही म्हणाल, झालं, प्रश्न मिटला. मलाही तसंच वाटलं होतं. मिटला नाही. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांना सोळा तासांची मर्यादा आली. मग सर्जरीच्या ११७ प्रशिक्षण कार्यक्रमांत कडक नियम विरुद्ध लवचीक नियम अशी मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये निकाल आला: रुग्णांच्या मृत्यूत आणि गंभीर गुंतागुंतीत फरक नाही. २०१७ मध्ये सोळाची मर्यादा मागे घेतली गेली.

असं कसं? एक उत्तर: पाळी आखूड केली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो, आणि प्रत्येक हँडओव्हरमध्ये काहीतरी सांडतं. २०१४ मध्ये नऊ रुग्णालयांत हँडओव्हर कसा द्यायचा हे नीट शिकवलं, फक्त तेवढंच, तर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या मोठ्या चाचणीत मुख्य मोजमाप रुग्णांचं होतं. डॉक्टरांनाही विचारलं होतं, आणि लवचीक गटातल्यांनी सांगितलं की घर, आराम, स्वतःचं आयुष्य यांवर वाईट परिणाम होतोय. पण निर्णयाच्या तराजूत ते दुय्यम ठरलं. आपण डॉक्टरला झोप द्यायची की नाही हे 'रुग्णाला धोका आहे का' एवढ्यावरच ठरवतोय. समजा रुग्णाला शून्य धोका असेल. मग छत्तीस तास चालतील का?

डॉक्टर स्वतःही आजारी पडू शकतो, हा विचार व्यवस्थेत यायला फार वेळ लागला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९७३ मध्ये 'आजारी डॉक्टर' या विषयावर अहवाल काढला आणि त्यानंतर तिथल्या राज्याराज्यांत उपचारांचे कार्यक्रम उभे राहिले. वेल्शने हालस्टेडसाठी घरगुती पद्धतीने जे केलं ते पहिल्यांदा कागदावर आलं, म्हणजे ज्यांना वेल्शसारखा मित्र नाही त्यांनाही मिळण्याची सोय झाली. लंडनमध्ये २००८ मध्ये क्लेअर जेराडा यांनी डॉक्टरांसाठी स्वतंत्र, गोपनीय उपचारसेवा सुरू केली. त्यामागे एका तरुण मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीचा मृत्यू होता, जिने आपला आजार लोक काय म्हणतील म्हणून वर्षानुवर्षं लपवला होता. स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असून. २०१९ पासून ती सेवा इंग्लंडभरच्या डॉक्टरांना खुली झाली. इथे 'गोपनीय' हा शब्द सजावटीचा नाही. आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत, आपल्याच बॅचच्या रेसिडेंटसमोर बसून केसपेपर काढायचा असेल, तर कोण जाईल?

आता आपल्याकडे येऊ. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय: सलग ड्युटी बारा तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याला ४८ तास, आणि आळीपाळीने आठवड्याची सुट्टी. मी तीनदा वाचलं. ४८. अमेरिका ८० वर यायच्या अकरा वर्षं आधी आपण कागदावर ४८ लिहून मोकळे झालो होतो. मैत्रिणीला पाठवलं तर तिने नुसता हसण्याचा इमोजी पाठवला. २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत आकडा गेला आणि 'वाजवी कामाचे तास' व 'विश्रांतीसाठी वाजवी वेळ' असे शब्द आले. वाजवी म्हणजे किती, हे ज्याने त्याने आपापल्या युनिटमध्ये ठरवायचं. म्हणजे कोणी ठरवायचं ते तुम्हाला कळलंच.

फक्त तासांवर बोलून भागणार नाही हे आपल्याला २०१९ मध्ये मुंबईत दिसलं. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी तरुण डॉक्टरचा मृत्यू झाला आणि वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचे आरोप झाले. प्रकरण न्यायालयात गेलं, त्याबद्दल मी इथे निकाल देणार नाही. पण हालस्टेडची शिडी आठवा. सर दूर, मधे सीनियर, खाली पहिलं वर्ष. खालच्याला सगळं काही वरच्या एका पायरीवरच्या माणसाच्या हातून मिळतं: काम, सुट्टी, झोप, शिकणं, अपमान. ती पायरी चांगली असेल तर तिच्यासारखी शाळा नाही. वाईट असेल तर दाद कुठे मागायची? बेल यांचा देखरेखीचा मुद्दा इथे वेगळ्या अर्थाने परत येतो.

२०२४ मध्ये वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाचा मानसिक आरोग्यावरचा अहवाल आला. पाच हजारांहून जास्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली होती. त्यांतल्या सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं, आणि निम्म्याहून जास्त जणांना आठवड्याची सुट्टी मिळत नव्हती. (ऑनलाइन आणि ऐच्छिक सर्वेक्षण आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा साऱ्या देशाला लावू नका. पण निम्मा धरला तरी माझी झोप उडते.) गटाने सुचवलं: आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक दिवस सुट्टी. १९९२ चे ४८ ते २०२४ चे ७४. याला मागे जाणं म्हणायचं की खरं बोलायला सुरुवात करणं, यावर माझं स्वतःशीच एकमत नाही. जो आकडा कोणीच पाळत नाही त्यापेक्षा पाळता येईल असा बरा, असं सकाळी वाटतं. संध्याकाळी वाटतं, आपण सौदा करतोय.

आणि तो अहवाल आला त्याच ऑगस्टमध्ये कोलकात्याची ती घटना घडली. तपशील तुम्हाला माहीत आहेत, मी उगाळत नाही. एकच गोष्ट नोंदवते. लांबलचक ड्युटीत त्या तरुण डॉक्टरने पाठ टेकली ती सेमिनार हॉलमध्ये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा डॉक्टरांना विश्रांतीसाठी खोल्या नसणं आणि छत्तीस छत्तीस तासांच्या पाळ्या, हे दोन्ही न्यायालयात बोललं गेलं. १८८९ मध्ये पगार नव्हता, लग्नाला आडकाठी होती, पण 'रेसिडेंट'ला झोपायला खोली होती. एकशे पस्तीस वर्षांत आपण तास ठेवले आणि खोली काढून घेतली.

वाचणाऱ्यांत कोणी रेसिडेंट असेल आणि फारच जड जात असेल, तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि कोणी सीनियर वाचत असतील तर त्यांना माझ्या मैत्रिणीच्या वॉर्डातली हकीकत सांगते. तिच्या युनिटला यंदा नवी लेक्चरर आली. तिने काही मोठं केलं नाही. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ती वॉर्डात येते, पहिल्या वर्षाच्या मुलांचे फोन स्वतःकडे घेते आणि त्यांना साडेचारपर्यंत हाकलते. पहिल्यांदा हाकललं तेव्हा मैत्रीण कॅंटीनमध्ये जाऊन बसली होती, कारण झोपायला कुठे जायचं तेच तिला सुचेना. आता स्टोअररूमच्या शेजारी एक खोली रिकामी करून मिळाली आहे. दोन गाद्या, एक पंखा. वॉर्डातल्या मावशींनी दाराला आतून कडी बसवून घेतली.

परवा तिचा फोन आला होता, दुपारी पाच वाजता. इन्सुलिनवाले आजोबा घरी गेले म्हणे.

पुढच्या वेळी पुन्हा माश्या.